सोनागिरीच्या दारावर

दहावीत शाळा सोडली तेव्हापासून आई म्हणते, मिल्काला एकच काम जमतं, भांडण. म्हणून प्रार्थनाघराच्या दारावर मलाच बसवलं.

प्रार्थनाघर म्हणजे काय, सोनागिरीत हसकेल वाकरूळकर काकांच्या घरातली पुढची खोली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, कारखान्याच्या नोकरीपायी भोपाळला आलेले. गेल्या महिन्यात गेटमधून कुणी तरी कागद टाकला. यहूदियों, जला देंगे. पोलिस आले. चांगले होते बिचारे. म्हणाले, बोर्ड काढा, दाराच्या चौकटीवरची ती डबी पण काढा, अनजान माणसाला काही सांगू नका.

ती डबी म्हणजे मेझुझा. आत वचन लिहिलेलं असतं. आत शिरताना तिला हात लावायचा, मग बोटं ओठांना. काका स्क्रू काढत होते तेव्हा मी मुद्दाम रस्त्याकडे बघत बसले.

त्या रविवारी पप्पांना जाऊन वर्ष होत होतं. माझा भाऊ एलिझर कद्दिश म्हणणार होता. गेलेल्या बापासाठी मुलगा म्हणतो ती प्रार्थना. चौदा वर्षांचा आहे, महिनाभर पाठ करत होता, बाथरूममध्येसुद्धा. पण दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दिश होत नाही, आणि भोपाळात त्याला धरून होतात नऊ. वर्षभर तसंच राहिलं होतं. काका म्हणाले, "बघू, करतो काही तरी."

सकाळी आठला नऊ पुरुष आत, त्यांच्या मागे आई. मी खुर्ची टाकून बाहेर, हातात हॉकी स्टिक.

सव्वा आठला एक माणूस ऑटोतून उतरला. काळी बॅग, बुटांवर धूळ. घराचे नंबर वाचत आला, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ दारापाशी. चौकटीवर हात फिरवायला लागला. माझं डोकंच सटकलं.

"ओ भाईसाब! क्या टटोल रहे हो?"

तो दचकला. "बेटा, यहाँ... वाकरूळकर रहते हैं?"

"कोई नहीं रहता."

"नहीं, मुझे किसी ने..." त्याने खिशात हात घातला.

मी स्टिक उचलली. "हाथ बाहर! निकलो, वरना पुलिस बुलाती हूँ!"

दोन्ही हात वर करून तो मागे सरकला. "गलत आ गया, माफ करना," म्हणाला आणि त्याच ऑटोत बसला. मी नंबर पण लिहून घेतला. मला भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पावणेनऊला काका बाहेर आले. "मिल्का, कोणी आलं होतं का गं?"

"हाकललं त्याला! चौकट चाचपत होता, काका. इथे, उजवीकडे. रेकी करत असणार."

काका त्या जागेकडे बघत राहिले. तिथे स्क्रूची दोन भोकं होती.

"मग बोटं कुठे नेली त्याने?"

आठवलं मला. ओठांकडे चालली होती, तेवढ्यात मी ओरडले.

"आपल्यातलाच होता, दहावा. मुंबईजवळच्या ठाण्याचा," काका म्हणाले. "इथे जवळ मंडीदीपला कारखान्याच्या कामाला आला होता. जमलं तर येतो म्हणाला होता. नक्की नव्हतं म्हणून तुम्हाला बोललो नाही. पोरगा आशा लावून बसला असता."

काकांनी त्याला फोन लावला. स्पीकरवर आगगाडीचा आवाज. "मी चुकलो वाटतं, काका. बोर्ड नव्हता, एक मुलगी अंगावर आली. प्रार्थनेची टोपी काढत होतो खिशातून. मग जास्त विचारायला भीती वाटली. दिवस असे आहेत. का हो, तिथेच होता का तुम्ही?"

काका म्हणाले, "हो, इथेच."

"अरेरे. गाडी सुटली आता."

काका आत गेले, प्रार्थना सुरू झाली. मी दारातच उभी. कद्दिशची जागा आली तसा एलिझर उठून उभा राहिला. त्याला अजून कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी त्याच्याकडे न बघता पान उलटलं. तो आधी काकांकडे, मग आईकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, आणि खाली बसला.