खडूची खूण

मी एका जुन्या जीपचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल असे वाटत नाही. लोक जीपच्या रंगाला नावाजतात. मी आपला खाली चिखलाचे शिंतोडे खात बसलेला. पण हाताने नुसते सुचवावे आणि जड चाके वळावीत, हे काम माझे. माझ्या पोटातल्या तेलाच्या दाबावर मी ते करतो.

माझा मालक ड्रायव्हर. सव्वीस वर्षे त्याने मला एका बोटाने वळवले. शेजारी बसणारे म्हणत, "वा, काय लोण्यासारखं वळतंय!" तो मिशीतल्या मिशीत हसे आणि फुशारून जायचो मी. तेलाकडे मात्र त्याचे लक्ष नसे. कमी झाले की हाताला लागेल ते ओती. तेल अडवणारी माझी रबरी सीले कडक झाली, मी गळू लागलो आणि वळण घेणे म्हणजे कुस्तीच झाली. त्यातच त्याच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. जीप शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

रोज संध्याकाळी तो येऊन सीटवर बसायचा आणि किल्ली न लावताच स्टिअरिंगवर हात ठेवायचा. तो स्पर्श माझ्यापर्यंत पोचे. आज तरी वळवेल, असे मला वाटे. तीन वर्षे मी त्या एका वळणासाठी झुरलो.

"असला बॉक्स आता मिळत नाही. गाडी भंगारात द्या," मेकॅनिक म्हणाला. मालक त्या दिवशी जेवला नाही. त्याची मुलगी शिवणकाम करायची. तिने ते पाहिले.

"बाबा, माझं मशीन मीच उघडते ना? हाही उघडू."

"अगं, ते शिलाई मशीन आहे!"

"मग तुम्ही सांगा, मी करते."

तिने मला जीपखालून सोडवले आणि कापड बेतायच्या टेबलावर जुनी चादर अंथरून उघडले. माझ्या पोटातल्या पोलादी गोळ्या मोजून बटणांच्या डब्यात ठेवल्या. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, नवी सीले बसवली. मालक खुर्चीतून सूचना देत होता. मी पुन्हा बंद झालो, तेव्हा त्याने विचारले, "चाकांकडे जाणारा दांडा नेमका कुठे बसतो, त्याची खूण केली होतीस ना?"

"केली होती की. खडूने."

"खडूने?"

"आम्ही कापडावर खडूनेच..." तिने जीभ चावली. रॉकेलने ती खूण केव्हाच धुऊन निघाली होती. दांडा एक दाता जरी चुकला, तरी स्टिअरिंग कायमचे वाकडे राहणार. तिने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मध्य मोजला. एकदा फेरे सव्वातीन भरले, एकदा साडेतीन. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मालक उठला. "सरक जरा." उजवा हात पुढे करताना तो क्षणभर घुटमळला. मग त्याने मला हळूहळू फिरवले. मित्रांनो, अगदी मध्यावर मी किंचित घट्ट असतो. ते नवख्या हाताला कळत नाही. तो त्या जागेवरून पुढे गेला, परत आला आणि थांबला. "इथे."

"कशावरून?"

"सव्वीस वर्षं ओळख आहे आमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा जीपला जोडून तिने नवे, माझ्यासाठीचेच तेल भरले. मालक सीटवर बसला, मुलगी शेजारी. त्याने एक बोट लावले आणि मी वळलो. कोपऱ्यापर्यंत जीप सरळ, स्टिअरिंगही सरळ. तिथे त्याने गाडी थांबवली.

"बाबा, रडताय?"

"छे. खांदा दुखतोय."

खांदा अजिबात दुखत नव्हता. ते बोट किती हलके होते, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, आमचे तेल वेळेवर पाहा आणि मिळेल ते ओतू नका. लोखंडावर खूण खडूने करू नका. आणि तुमच्या घरात कोणाचे जाणते हात रिकामे बसले असतील, तर त्यांना कधीतरी "सांगा, हे कुठे बसतं?" असे विचारा. तेही कोणाच्या तरी विचारण्याची वाट पाहत असतात.