‘लाबास’ म्हणाली आणि बसून राहिली

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. ट्युनिशियात, समुद्राकाठच्या एका शहरात, एका सुताराने मला घडवलं. वीस वर्षं मी विद्यापीठाच्या वर्गात होतो. मुलं माझ्यावर नावं कोरायची, परीक्षेत तळव्यांचा घाम मलाच पुसायची. मग नव्या खुर्च्या आल्या आणि मला उचलून विद्यापीठातल्याच मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर टाकलं.

भीती म्हणजे काय ते मला तिथे कळलं. येणारी मुलं तोंड लपवून बसायची. समोरच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीकडे बघत राहायची, जणू काम तिथलंच आहे. तरी जाणारे टोमणा मारायचेच, "काय रे, डोकं दुरुस्तीला आणलंस का?"

आत डॉक्टर नजला एकट्या, आणि विद्यार्थी हजारो. आज कोण आत जाणार आणि कोणाला पुढची तारीख मिळणार, हे बाहेरच्या टेबलावरची मोंजियामावशी ठरवायची. ती वाईट नव्हती हो, कामाने पिचलेली होती. मान वर न करता विचारायची, "लाबास?" आमच्याकडे 'बरं आहे ना?' असं विचारायचं तर लाबास, आणि 'बरं आहे' म्हणायचं तरी लाबासच. दुसरं उत्तर द्यायची रीतच नाही. मुलं "लाबास" म्हणायची आणि मावशी महिन्यानंतरची तारीख लिहायची.

गस्सान नावाचा एक मुलगा अशीच तारीख घेऊन गेला. ती तारीख आली तेव्हा मावशीने त्याचं नाव तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. तो कुठे गेला, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून त्या 'लाबास'ची मी धास्तीच घेतली आहे.

एका बुधवारी इश्राक आली. डोंगराकडच्या गावची, वसतिगृहात राहणारी. फोनवर आईला म्हणाली, "हो गं, कुसकुस खाल्लं. लाबास." साफ खोटं. ती इतकी थरथरत होती की माझ्या फळ्या वाजत होत्या.

मावशीने विचारलं, "लाबास?"

"लाबास, मावशी."

"मग एकोणतीस तारखेला ये."

मला वाटलं, गेली ही पोर. ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठली वाचा.

दुपारी मावशी पिशवी घेऊन जेवायला निघाली, तर ही अजून तिथेच. "अगं, बसलीस का? लाबास म्हणालीस ना?"

"तुम्ही लाबास विचारलंत, म्हणून लाबास म्हटलं. बरं नसलं तर काय म्हणायचं असतं?"

मावशीने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदाच बसली. हळू आवाजात म्हणाली, "झोपलीस कधी?"

"शनिवारी."

मावशीने तिचा हात धरला आणि न विचारता डॉक्टरांचं दार ढकललं. इश्राक वाचली. पुढे ती समोरून जायची ती मान वर करून.

त्यानंतर मावशीने तो शब्दच सोडला. झोपलास कधी, जेवलीस काय, असं विचारू लागली. विद्यापीठाने आणखी एक डॉक्टर नेमले. मी जरा निश्चिंत झालो होतो.

पण जूनमध्ये मावशी निवृत्त झाली. आज तिच्या जागी नवा कारकून बसलाय. मघाशी माझ्यावर एक मुलगा येऊन बसला. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "लाबास?" मुलगा म्हणाला, "लाबास."

त्याला तारीख मिळाली आहे आणि तो उठत नाहीये. मला पुसू नका, रंग देऊ नका, मला काही नको. मित्रांनो, कोणीतरी या आणि त्याच्या शेजारी बसा.