थांबलेला पंखा आणि उडणारी दाढी

"थांब!" महाराज गरजले आणि मंचावरचा भलाथोरला, जाळी काढलेला पंखा गपकन थांबला. सभागृहाचे पडदे ओढलेले, उजेड फक्त महाराजांच्या निळ्या दिव्याचा, आणि चारही पाती स्वच्छ मोजता येत होती. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या पिटत होते. मी चढलो नाही, कारण माझी खुर्ची एका काकूंनी आधीच बळकावली होती.

"वारा माझं ऐकतो, तिथं तुमच्या रोगाची काय कथा!" महाराज म्हणाले.

पंखा थांबला होता खरा, पण महाराजांची दाढी अजून फडफडत होती. मी तसं बोलून दाखवलं.

"कृपेची झुळूक आहे ती!" काकूंनी मला झापलं.

माझे सासरे, अप्पा, घड्याळजी. वर्षभर त्यांची बोटं थरथरत होती, दुकान बंद करायची पाळी आली होती, आणि डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येत. ते तडक मंचावर चढले.

"महाराज, पात्यांत हात घालतो. थरथर थांबवा!"

महाराजांचा चेहरा पांढराफटक. "नको, नको! लांबूनच दर्शन घ्या!"

"बंद आहे की! चाळीस वर्षं चाकं बघतोय. चालू कुठलं, बंद कुठलं, मला कळत नाही?"

हात निघालाच.

"अप्पा!" बायको किंचाळली आणि तिनं पिशवीतली काकडी भिरकावली. थांबलेल्या पंख्यानं काकडीचा भुगा केला. निम्मा महाराजांच्या दाढीत. अप्पा मटकन खाली बसले.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर. तिनं दिव्यामागची कळ जराशी पिळली, तर पंखा चक्क उलटा फिरायला लागला! आख्खं सभागृह खिदळलं.

"हा दिवा भयंकर वेगानं लुकलुकतोय," ती म्हणाली. "एका पात्याच्या जागी दुसरं आलं की उजेड, मधला प्रवास अंधारात. डोळा बिचारा मिळाले तेवढे तुकडे जोडतो आणि म्हणतो, पंखा बंद!"

"फोनवर तूही आवाजाचे तुकडेच जोडतेस ना?" अप्पांनी विचारलं.

"हो, पण आवाज सेकंदाला आठ हजार वेळा टिपून. म्हणून पलीकडे तुम्हीच ऐकू येता. कमी वेळा टिपला, तर भलतंच काहीतरी जोडलं जाईल. महाराज पंखा मुद्दाम कमी वेळा दाखवतात."

अप्पांनी बोटं मोजली. "थरथरतायत," ते म्हणाले, "पण दहाच्या दहा आहेत. उद्या डॉक्टरकडे नेशील?"

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की दोन उजेडांच्या मध्ये काय घडलं ते विचारा. आणि दाढी उडत असेल, तर पात्यांत हात घालू नका.