भट्टीला लावलेलं कुंकू

भट्टी उघडली आणि जयमाला खुर्चीत बसली. वरच्या चकतीवर सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक वाढायला हवा होता. तो राहिला बाजूला, चकतीच अर्धीअधिक झिजली होती. दोन हजार अंशांपुढच्या त्या पोकळीत खालून वायू सोडायचे, ते वर थरावर थर बसवतात. उष्णता हाताबाहेर गेली की भट्टी बसवलेलंही खाऊन टाकते.

सुप्याच्या एमआयडीसीतली ही भट्टी जयमालानंच उभी केलेली. दिवसभर भट्टी, संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात नवऱ्याजवळ. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"ड्यूटीवर कानिफनाथ होता ना? त्यानंच वायूचा घोळ केला असणार," मॅनेजर सूर्यभान म्हणाले. "उद्यापासून येऊ नको म्हणावं त्याला."

कोल्हारचा ऑपरेटर कानिफनाथ दाराशी मान खाली घालून उभा होता. जयमाला कशीबशी उठली आणि भट्टीच्या शिडीवर चढली. वर काचेची बारीक खिडकी होती. तिच्यातून आतला उजेड बघून यंत्र उष्णता मोजायचं. काचेवर कुंकवाचं बोट वाळून बसलं होतं. उजेड कमी दिसला, म्हणून यंत्र बिचारं वीज वाढवत गेलं. वीज जास्त लागतेय हे तिलाही दिसलं होतं, पण तिनं ते भट्टीच्या आतल्या जुन्या अस्तरावर ढकललं होतं.

बोटही तिचंच. खंडेनवमीला सगळे म्हणाले, पूजा मॅडमच्याच हातानं. भट्टीचं कपाळ म्हणजे सगळ्यात वरचा भाग, असं समजून एवढ्या शिकलेल्या बाईनं काळजीच्या भरात थेट काचेवरच कुंकू टेकवलं होतं.

"चूक माझी आहे सर. याला काढू नका," तिनं खाली येऊन सगळं सांगितलं.

"पूजेनं भट्टी बिघडली, हे मालकांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

सूर्यभान कपाळाला हात लावून निघून गेले. कानिफनाथ जवळ आला.

"मॅडम, मला ते पयल्याच दिवशी दिसलं हुतं."

"काच स्वच्छ ठेवायची, हे किती वेळा सांगितलंय तुला. मग पुसलं का नाहीस?"

"फडकं घेऊन वर गेल्तो. पन तुमी लावल्यालं कुंकू," तो अडखळला. "तुमचे साहेब तवा आयसीयूत हुते. माझा हातच धजला न्हाई."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून जयमालानं तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.