निळ्याच्या तळव्यावरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना लाल रोबो आहे. म्हणजे लाल होतो. आता कोपरांवरचा आणि गुडघ्यांवरचा रंग उडून खालचं पांढुरकं प्लास्टिक दिसतं. माझी नीट घडी घातली की ट्रक होतो आणि ट्रक उलगडला की पुन्हा मी. माझ्या डाव्या तळव्यावर एक हिरवा ठिपका आहे. त्या ठिपक्याचा मला भारी अभिमान होता. त्याच अभिमानाने माझ्याकडून एक वाईट गोष्ट घडवली, ती आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म दूरच्या देशात, एका पोलादी साच्यात झाला. साच्यावर बारीक ओरखडा होता, त्यामुळे माझ्या उजव्या काखेत केसाएवढी बारीक रेघ उठली. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत मी बिबवेवाडीला इरफानभाईंच्या दुकानात पोचलो. परदेशी खेळणी तेव्हा नुकतीच दिसू लागली होती. पूर्णिमा नावाची एक मुलगी काचेला नाक लावून मला रोज बघून जायची. एके दिवशी ती वडिलांचं बोट धरून आत आली.

तिचे वडील सर्जेराव पिंपरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची, हे त्यांचं काम. संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळायचा. त्यांनी दुकानातच मला तीनदा ट्रक केलं, तीनदा रोबो केलं.

"अहो, खेळणं आहे ते. विमानाचं इंजिन नाही," इरफानभाई वैतागले.

"म्हणूनच. इंजिन तपासायला दहा माणसं असतात. ह्याला मी एकटाच."

कारखान्यात पास झालेल्या मालावर हिरवा ठिपका देत. घरी आल्यावर सर्जेरावांनी तसाच ठिपका माझ्या तळव्यावर दिला. पूर्णिमाने तो वाळेपर्यंत फुंकर घातली. त्या दिवसापासून मी तिचा झालो. भातुकलीतले तांदूळ वाहिले, बाहुलीच्या लग्नात नवऱ्याची गाडी झालो. एकदा खांद्यातून माझा डावा हात निखळला. पूर्णिमाने तो स्वतःच चिकटवला, पण मायेच्या भरात गोंद जरा जास्तच झाला. तेव्हापासून ट्रक झालो तरी डावा हात बाहेरच राहतो, खिडकीतून कोपर काढून बसलेल्या ड्रायव्हरसारखा.

पुढे ती इंजिनिअर झाली आणि हिंजवडीला नोकरीला लागली. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, असं तिचं काम. वडिलांचीच नोकरी म्हणायची, फक्त हात काळे होत नाहीत. मी मात्र माळ्यावर, जुन्या स्वेटरांच्या पिशवीत पडून राहिलो. किती वर्षं ते मोजायला तिथे उजेड नव्हता. एक दिवस पिशवी उघडली आणि दोन छोटे हात आत आले. ती पूर्णिमाची लेक, अपेक्षा. माझे चांगले दिवस परत आले.

आणि मग तो आला.

अपेक्षाच्या सातव्या वाढदिवसाला पूर्णिमाने एक चकचकीत खोकं आणलं. आत मीच होतो! तोच चेहरा, तीच छाती, फक्त रंग निळा आणि डोळे सोनेरी. कंपनीने मलाच रंग बदलून पुन्हा बाजारात आणलं होतं. मला तो पहिल्या नजरेत आवडला नाही. इतकं सरळ उभं राहतं का कुणी? इतकं गप्प? माझी जागा घ्यायलाच तो आलाय, याची मला खात्री पटली.

माझी भीती खरीच निघाली. महिन्याभरात सगळे वारज्याच्या नव्या घरी जाणार होते. सामान बांधताना पूर्णिमा म्हणाली, "एकसारखे दोन रोबो कशाला? एक घेऊ, एक देऊन टाकू."

"दोन्ही घेऊ ना गं आई!"

"अपेक्षा, त्या घरात तुलाच जेमतेम जागा आहे. बाबा, तुम्हीच तपासा. पास होईल तो येईल."

सर्जेरावांनी चष्मा पुसला. आधी मला घेतलं. माझा हात वळेना. त्यांनी मला बाजूला ठेवलं, आणि बाजूला ठेवणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मग निळ्याला घेतलं. तळहातावर तोलून म्हणाले, "हलका आहे. चाकंही रबराची नाहीत. रंग झकास. पण रंग काय, भिंतीलाही देता येतो."

"बाबा, सांधे बघा, किती घट्ट आहेत," पूर्णिमा म्हणाली.

"आबा, मी करते ट्रक! कागदावर दिलंय सगळं." अपेक्षाने खोक्यातला कागद पसरला आणि निळ्याचे पाय दुमडायला घेतले.

आधी पाय! मला लगेच कळलं, कागद चुकलाय. आमची छाती आधी वर उचलावी लागते, नाहीतर गुडघा तिच्या कडेत अडकतो. निळ्याचा गुडघा करकरला, तिथलं प्लास्टिक पांढरं पडू लागलं. आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मोडू दे, म्हटलं मनात. मोडला की मी राहीन.

"थांब!" सर्जेराव ओरडले. "अडलं की जोर लावायचा नाही. का अडतंय ते विचारायचं."

"कुणाला विचारायचं?"

"ह्याला." त्यांनी मला उचललं. बोटांनी जुनी सवय आठवत छाती वर केली, मग पाय दुमडले. अपेक्षाने माझ्याकडे बघत निळ्याचं तसंच केलं. खट् आवाज होऊन गुडघा सुटला. दुमडताना निळ्याचा उजवा हात वर झाला, आणि त्याच्या काखेत मला एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक. माझीच रेघ! आम्ही एकाच साच्यातले होतो. मी माझ्याच भावाचा पाय मोडायची वाट बघत होतो. मला लाल रंग होता हे बरं, नाहीतर माझी लाज सगळ्यांना दिसली असती.

"मग पास कोण, बाबा?" पूर्णिमाने विचारलं.

"निळा पास. कागद नापास."

"आणि लाल?"

"त्याला कोण पास-नापास करतं? कारखान्यात एक नग कपाटात ठेवलेला असतो. नवा माल त्याच्याशी ताडून बघायचा. तो विकायचा नाही, टाकायचा नाही. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो."

पूर्णिमा माझ्या बाहेर आलेल्या कोपराकडे बघत राहिली. मग तिने कपड्यांच्या खोक्यातून स्वतःच्या दोन साड्या काढल्या आणि दुसऱ्यांना द्यायच्या पिशवीत टाकल्या. "घ्या. झाली जागा," ती म्हणाली.

आता आम्ही दोघे वारज्याच्या खिडकीत उभे असतो. निळ्याच्या तळव्यावरही हिरवा ठिपका आहे. अपेक्षाने फुंकर घालून वाळवलेला. त्याच्या गुडघ्यावर पांढरा डाग राहिला आहे. तो दिसला की मी मान वळवतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे काही नवं आलं, तर त्याला जपून हाताळा. अडलं तर जोर लावू नका. आणि कसं हाताळायचं ते कळेना, तर घरातल्या जुन्याला विचारा. फक्त जुन्याने माझ्यासारखं गप्प राहू नये.