दादा दोनदा मेला

दादा हेलिकॉप्टरमधून पडला त्याला महिना झाला, तरी लोक त्याला मरू द्यायला तयार नव्हते.

खाणीतल्या दगडाच्या भुकटीत सोन्याचा कीस मिसळून, खाणीत सोनं लागलंय असं भासवून, पैसे गुंतवायला लावून त्याने अख्ख्या गावाच्या तोंडाला पानं पुसली होती. चौकशीला जाताना तो पडला. उडी मारली की कुणी ढकललं, देव जाणे. चार दिवसांनी दलदलीत सापडला तेव्हा चेहरा जनावरांनी खाल्लेला. मीच ओळखला, मीच मूठमाती दिली. पण न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या दीडशहाण्यांना ते पटेना. प्रेत दुसऱ्याचं होतं म्हणे, दादा कुठेतरी मजा मारतोय म्हणे.

सोमवारी भर दुपारी ड्रिलवरचे पाच जण माझ्या शेडमध्ये घुसले. वहिनीला केसांना धरून फरफटत आणलं होतं. जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या उभ्या चिरायचं माझं काम. त्या चिरायच्या यंत्राच्या पात्याखाली त्यांच्या मुकादमाने तिचा पंजा दाबून धरला.

"कुठंय तो?"

"मेला हो. शपथेवर सांगतो."

त्याने दांडा ओढला. वहिनीची दोन बोटं ट्रेमध्ये पडली. ती ओरडली, मी ओकलो.

"आता अंगठा," मुकादम म्हणाला.

"भाऊजी, सांगा ना काहीतरी!"

खरं ते सांगून झालं होतं. मग मी थाप ठोकली, "बंदरावरच्या लॉजमध्ये. दाढी वाढवलीय त्याने."

ते जातील, हात हलवत परत येतील, तोवर आम्ही गाव सोडू, असा माझा हिशोब. दाढीवाला माणूस कुठल्याही लॉजमध्ये सापडतो, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यातच होती, आणि इन्स्पेक्टरने मला शवागारात बोलावलं. टेबलावरच्या माणसाचा चेहरा हातोड्याने ठेचला होता. दाढीला रक्त वाळून चिकटलेलं, एक डोळा जागेवर नव्हता. लॉज माणसांनी भरलेला, पण पाहिलं कुणीच नाही. मुकादम दारात उभा होता, स्वच्छ अंघोळ करून आलेला. इन्स्पेक्टरचेही पैसे त्या खाणीत बुडाले होते.

"हाच ना तुमचा भाऊ?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

दादाहून हा वीतभर बुटका होता. नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा आले असते, आणि वहिनीची आठ बोटं अजून शिल्लक होती.

"हो," मी म्हणालो आणि सही केली. स्वतःची शिसारी आली. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर एक बाई हातात फोटो घेऊन शिपायाला विनवत होती. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करतो, कामासाठी बंदरावर आला होता, कालपासून फोन लागत नाही.

"बाई, आत एकच बॉडी आहे आणि तिची ओळख पटलीय," शिपाई म्हणाला. "हे बघा, हे त्याचे भाऊ."

तिचा जीव भांड्यात पडला. मला ते स्पष्ट दिसलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. जवळ येऊन तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"वाईट झालं हो तुमच्या घरचं," ती म्हणाली. "सावरा स्वतःला."

आणि फोटो पर्समध्ये ठेवून नवऱ्याला शोधायला ती घाईघाईने रस्त्याला लागली.