निळ्या कानटोपीच्या अस्तरावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी कानटोपी आहे. वरून निळी लोकर, आतून पांढरं मऊ अस्तर. त्या अस्तरावर उजव्या बाजूला एक फिकट पिवळा डाग आहे. कितीही धुतलं तरी तो जात नाही. तो कुणी पाहिला की मला तोंड लपवावंसं वाटतं. पण टोपीला कुठलं आलंय तोंड!

मला सांगलीच्या संयोगिता आत्याने विणलं. कोरेगावजवळ तिच्या माहेरी भाचा झाला होता, शंभूराज. बारशाला आत्याची टोपी हवीच ना! तिने मुद्दाम वाढत्या डोक्याची, मोठीच विणली. बारशात मी या हातातून त्या हातात अशी काही मिरवले की काय सांगू! शंभूची आजी राहीबाई म्हणाली, "लय ग्वाड झालीया. आता वारं कानात शिरायचं न्हाई."

झालं! तेव्हापासून मी स्वतःला शंभूच्या कानांची राखणदारच समजू लागले.

शंभू वर्षाचा झाल्यावर कुलदैवताला त्याचं जावळ काढलं आणि त्याच दिवशी सोनाराने कानही टोचले. थंडीचे दिवस, डोकं गुळगुळीत, कानात नव्या तारा. मग काय, मी दिवसभर डोक्यावरच!

थोड्या दिवसांनी शंभूला सर्दी झाली. तो उजवा कान सारखा ओढू लागला. आडवं केलं की किंचाळायचा. दोन घोट दूध पिऊन तोंड फिरवायचा.

"नवं कान टोचल्यात. तार खुपतीया त्याला," आजी म्हणाली. "पाळीला खोबरेल लाव आन् टोपी घट्ट बांध."

"आवं आई, पण अंग बी गरम हाय," शंभूची आई पूजा म्हणाली.

"दात येत असतील. तुझा नवरा ह्याच्यापरीस रडका हुता! आख्खी आळी गोळा करायचा."

पूजा हसली आणि तिने माझ्या नाड्या आवळल्या. मीसुद्धा कानाला आणखी चिकटून बसले. मला वाटलं, ऊब दिली की दुखणं पळतं. केवढी मी शहाणी!

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभूचं रडणं एकदम थांबलं. "बघ, म्हणलं न्हवतं?" आजी खूश झाली. सगळं घर खूश झालं. फक्त मला कळलं होतं. माझं अस्तर उजव्या कानापाशी ओलं आणि चिकट झालं होतं. कानातून पू वाहत होता, आणि तो झाकून कोण बसलं होतं? मीच!

तेवढ्यात सैन्यात असलेल्या उदयसिंहचा, शंभूच्या बाबांचा, व्हिडिओ कॉल आला. पूजाने फोन शंभूच्या उजवीकडे धरला.

"ए शंभ्या! वाघा!"

एरवी या हाकेला शंभू फोनवर झडप घालायचा. आता त्याने मानसुद्धा वळवली नाही.

"बापावर रुसलाय जणू," आजी म्हणाली.

उदयसिंह हसला नाही. "पूजा, ह्याला ऐकू येतंय न्हवं?"

पूजाने घाईघाईने माझी गाठ सोडली. डाग दिसला, वासही आला. आजी लगेच लसूण घालून तेल कोमट करायला उठली.

"थांबा आई! आता आत काय बी घालायचं न्हाई," पूजा म्हणाली. सुनेचा तो आवाज आजीने पहिल्यांदाच ऐकला असेल.

कोरेगावात मुलांच्या डॉक्टरांनी उजेड पाडून कान पाहिला. पूजाने मला त्यांच्यासमोर उलटं करून धरलं. मला कुठे जाऊ नि कुठे नको झालं! पण डॉक्टर म्हणाले, "टोपी आणलीत ते बरं केलंत. सर्दीमुळे कानात आत पू साचला, म्हणून पडद्याला बारीक छिद्र पडलंय. त्यातून पू बाहेर आला, म्हणून दुखणं आणि रडणं थांबलं. टोचलेल्या पाळीचा यात दोष नाही."

आजी पदराशी चाळा करत उभी होती. "डॉक्टर, माझ्या लेकराला ऐकू यील न्हवं?"

"बहुतेक मुलांचं छिद्र आपोआप भरतं, आजी. पण दिलेलं औषध पूर्ण संपवायचं, बरं वाटलं तरी. कानात तेल, पाणी, काडी काही जाऊ द्यायचं नाही. आणि पुन्हा दाखवायला आणायचं."

घरी मी दोरीवर लोंबत होते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्याकडेच बघतेय असं वाटायचं. औषधं संपली, डॉक्टरांनी पुन्हा कान पाहिला. छिद्र भरत आलं होतं. एके सकाळी उदयसिंहचा फोन आला, तेव्हा पूजाने तो शंभूच्या पाठीमागे, उजव्या बाजूला धरला.

"शंभ्या!"

शंभू गर्रकन वळला! आजीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऐक बाबा, आता जलमभर ऐक बापाची कटकट!"

मित्रांनो, तुमच्या घरी बोलता न येणारं भावंड असेल, तर एवढं कराच. ते कान ओढत असेल, ताप असेल, आडवं केल्यावर रडत असेल, दूध टाकत असेल, तर दातांवर आणि तारांवर ढकलून गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि रडणं अचानक थांबलं तर आधी माझ्यासारखीची गाठ सोडून कान आणि अस्तर बघा.

आजी आता माझी गाठ सैल बांधते. संध्याकाळी मला काढते, उलटी करते आणि अस्तर उजेडात धरून बघते. डाग दिसतो, लाज वाटते. तरी मी मुकाट्याने उलटी होते.